साखर उतरत गेली

माझी लेक साडेचार वर्षांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अमरावतीला झालं आणि चांगलं झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्याचा ठपका कुणी डॉक्टरांवर ठेवू नये. त्यांनी त्यांचं काम नीट केलं होतं. पुढचं सगळं मी केलं.

आम्ही फुलांची माणसं. अकोल्याहून बाळापूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं थोडं रान आहे. झेंडू, शेवंती, एका कडेला निशिगंध. पहाटे फुलं तोडायची आणि नवऱ्यानं ती अकोल्याला जुन्या शहरात नेऊन विकायची, असा आमचा दिवस. तो दुपार कलल्यावर परततो. शेतातच दोन घरं आहेत. एक आमचं, दुसरं माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. दोन्ही घरांत मिळून एक अंगण. भासरे बोलायला कमी. जाऊबाई त्यांच्या वाटचंही बोलायच्या.

लेक लहानपणापासून जांभळ्या ओठांची. थंडीत नखंही निळी पडायची. खेळता खेळता ती मधेच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, आणि काही वेळानं उठून पुन्हा पळायची. फुलं तोडायला येणाऱ्या बाया हसायच्या, “पाह्यनं व, म्हातारीवानी बसते हे पोट्टी.” मीही हसायचे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिला तसं बसताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तसं बसलं की दम सावरतो, हे तिच्या शरीरानं आपलं आपणच शोधून काढलं होतं. आम्ही त्याला खोड समजत होतो.

अमरावतीला माझी नणंद राहते. ऑपरेशनच्या दोन आठवड्यांत तिचंच घर आमचं घर झालं. ज्या दिवशी लेकीला आत नेलं त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होते. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, “दुरुस्ती छान झाली. आता पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे.” छान झाली एवढंच नवऱ्यानं ऐकलं. पुढचं वाक्य माझ्या वाट्याला आलं.

दुसऱ्या दिवशी मला दहा मिनिटं आत सोडलं. लेक नळ्यांत गुंतून निजली होती. मी तिचे ओठ पाहिले. गुलाबी! साडेचार वर्षांत मी तिचे ओठ त्या रंगाचे कधी पाहिले नव्हते. मला रडू फुटणार, तेवढ्यात एका सिस्टरनं नळीतून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राला लावला आणि पलीकडच्या सिस्टरला म्हणाली, “शुगर तीनशेच्या वर आहे. आम्लही अजून उतरलं नाही. मॅडमना सांग, इन्सुलिन लावावं लागेल.”

माझं रडू जागीच थिजलं.

माझी आई साखरेनं गेली. आधी पायाच्या अंगठ्याला जरा खरचटलं, नांगरटीच्या ढेकळावर ठेचकाळली होती. मग अंगठा काळा पडला. मग पंजा कापला, मग गुडघ्याखालचा पाय. दोन वर्षं तिच्या जखमेची पट्टी मी बदलली. तो वास अजून कधी कधी नाकात येतो, भर दुपारी, काही कारण नसताना. आई चोरून खायची. उशीखाली गुळाचा खडा, पदरात बुंदीचा लाडू. मी ते काढून घ्यायचे आणि ती लहान पोरीसारखी रडायची. ती गेली तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. मी अजून कडक राहिले असते, तर तिचा पाय वाचला असता.

आणि आता माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीला इन्सुलिन.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. अगदी खुर्ची ओढून बसल्या आणि समजावलं. “हा मधुमेह नाही. एवढं मोठं ऑपरेशन झालं की शरीर घाबरतं, साखर रक्तात सोडून देतं. आम्ही हृदयाला जी औषधं देतो, त्यांनीही चढते. रक्तातलं आम्लही त्याच ताणानं वाढलंय. एक-दोन दिवसांत सगळं खाली येईल. बऱ्याच मुलांना होतं हे.”

मी मान हलवली. त्यांचा प्रत्येक शब्द मला आजही आठवतो, म्हणजे मी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि मनात घेणं वेगळं. त्या बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे आईचा अंगठा होता.

झालंही त्यांनी सांगितल्यासारखंच. तिसऱ्या दिवशी इन्सुलिन बंद झालं. पाचव्या दिवशी लेकीच्या हृदयाचे ठोके अचानक फार जोरात धावू लागले, तेव्हा त्यांना आवर घालणारं एक औषध सुरू झालं. त्यानंतर मात्र ती झपाट्यानं सुधारली. भिंत धरून चालली, मग न धरता चालली. आत्याशी भांडली. नणंद म्हणाली, “भांडते म्हंजे बरी झाली.”

घरी सोडायच्या दिवशी एका सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून औषधं सांगितली. परतवाड्याकडची होती, आमच्यासारखंच बोलायची. एक गोळी हातात धरून ती म्हणाली, “हे ठोक्यांचं औषध चालू आहे तोपर्यंत लेकराले उपाशी ठेवायचं नाई. दर तीन-चार घंट्यांनी खायला द्यायचं. झोपायच्या आधी पोटभर. जेवली नाई, उलटी झाली, तर हे औषध द्यायचं नाई. आधी फोन करायचा. समजलं का?”

नवरा म्हणाला, “समजलं.” मीही म्हणाले. मग मी विचारलं, “अन् तिची साखर?”

“आता नॉर्मल आहे,” ती म्हणाली.

त्या वाक्यातला ‘आता’ मी घरी घेऊन आले.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते आईचं साखर तपासायचं मशीन शोधायचं. आईच्या वस्तूंबरोबर पत्र्याच्या पेटीत होतं. पट्ट्या जुन्या झाल्या होत्या. मी नवऱ्याला म्हटलं, “अकोल्याहून येताना याच्या नव्या पट्ट्या आणजा. डॉक्टरीणबाईनं सांगतलं, रोज तपासा म्हनून.” त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फुलांच्या रिकाम्या टोपलीत पट्ट्यांची डबी ठेवून आणली.

मग रोज सकाळी मी लेकीचं बोट टोचू लागले. पहिल्या दिवशी सत्त्याण्णव आले. माणसाला याहून चांगला आकडा काय हवा? पण मला वाटलं, आकडा आज चांगला दिसला तरी चढायला वेळ लागत नाही. आईचाही सुरुवातीला चांगला असायचा.

मी तिच्या ताटातून एकेक गोष्ट काढत गेले. आधी दुधातली साखर. मग केळी, गूळ, बटाटा. मग भात. जेवणात अर्धी ज्वारीची भाकर, पालेभाजी, मुगाचं पाणीदार वरण आणि काकडी. आईला जे ताट मिळायचं तेच ताट, फक्त लहान. रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत आणि त्याहून थोडं. उपाशी मी तिला एक दिवसही ठेवलं नाही. सिस्टरचा शब्द मी पाळते आहे असंच मला वाटत होतं. दर तीन तासांनी तिच्यापुढे काही ना काही जायचं. कधी काकडी, कधी ताक.

“आई, मले केळ देनं व.”

“केळ नाई, बाई. तुले बाधते.”

“काहून बाधते?”

मी काकडी कापायला घ्यायचे. दोन-चार दिवसांनी तिनं मागणं सोडलं. शहाणी झाली, असं मला वाटलं.

संक्रांत आली. आमच्या अंगणात बाया हळदीकुंकवाला आल्या. जी ती लेकीच्या गालाला हात लावून तिच्या हातावर तिळगूळ ठेवायची आणि मी लगेच तिच्या मुठीतून काढून घ्यायचे. जाऊबाईंनी ते पाहिलं. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, आणि त्यांना आडून बोलणं कधी जमलंच नाही. सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, “काय करून राहिली तू? एवढ्या मोठ्या ऑपरेशनातून लेकरू वाचलं, अन् तू त्याले काकडीवर ठेवते?”

“तिले साखर झाली होती, बाई. दवाखान्यात इन्सुलिन लागलं.”

“झाली होती ना? आता हाय का?”

“पुन्हा होऊ नये म्हनून तर.”

“पाह्य तिच्या दंडाकडे. शेवंतीच्या काडीवानी झाला.”

“तुमी माझ्या आईचा पाय नाई पाह्यला,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. जाऊबाई उठून आपल्या घरात गेल्या आणि त्यानंतर आठ दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. लेक मात्र दुपारी त्यांच्याकडे खेळायला जायची. मी अडवलं नाही. मला तेवढीच फुलांच्या कामाला सवड मिळायची.

या आठ-दहा दिवसांत मशीनवरचे आकडे नव्वदीच्या घरात होते. मी मनात म्हणायचे, माझ्या ताटानं हे होतंय.

मग जाऊबाईंची थोरली मुलगी दर्यापूरला बाळंत झाली आणि त्या तिकडे गेल्या. सोमवारी गेल्या. मंगळवारी सकाळी लेकीची साखर सत्त्याऐंशी आली. बुधवारी शहात्तर. गुरुवारी अडुसष्ट.

माझा आनंद काय सांगू! आईच्या वेळी आकडा असा उतरावा म्हणून मी नवस बोलले होते, तो कधी उतरला नाही. लेकीचा उतरत होता. त्या गुरुवारी मी देवापुढे अगरबत्ती लावली.

त्याच दिवसांत आणखी काही गोष्टी दिसत होत्या. दिसत होत्या असं आज म्हणते, तेव्हा नुसत्या समोर होत्या. लेक दुपारी शेवंतीच्या ढिगाशेजारी बसायची आणि तिथेच पेंगायची. हाक मारली तर जरा उशिरानं बघायची. उगाच चिडायची, उगाच रडायची. सकाळी तिच्या मानेमागचे केस ओले असायचे. माघातली थंडी होती, आम्ही दोन-दोन गोधड्या घेत होतो, आणि हिला घाम. मला वाटलं, अंगात ताकद येतेय, ऊब आलीय.

बुधवारी मी भाकरी थापत होते. पाणी आणायला उठले आणि वळून पाहिलं तर लेक परातीतलं कोरडं पीठ चिमटीनं तोंडात टाकत होती. घाईघाईनं. ओठांना, नाकाला पीठ लागलेलं. मी तिच्या हातावर फटका मारला. ती रडली नाही. माझ्याकडे बघत तोंडातलं गिळत राहिली.

गुरुवारी दुपारपासून तिला सर्दी झाली, अंग किंचित गरम लागू लागलं. संध्याकाळी तिनं दोन घास खाल्ले आणि तेही ओकून टाकले. सिस्टरचे शब्द तेव्हा मला आठवले का? आठवले. मी गोळी हातात घेऊन उभी होते. फोन करावा असं मनात आलं. मग वाटलं, दोन घास तर पडले, एवढ्यासाठी अमरावतीला कशाला त्रास द्यायचा. ठोके पुन्हा धावले तर? ठोक्यांची भीती, साखरेची भीती. उपासाची भीती मला कुणी शिकवलीच नव्हती. मी गोळी पाण्यात विरघळवून तिला पाजली, तोंड पुसलं आणि निजवलं. दिवस नुकताच मावळला होता.

शुक्रवारी नवरा नेहमीसारखा फुलं घेऊन गेला. सात वाजले तरी लेक उठली नाही. आजारी आहे, झोपू दे, म्हणून मी बोट टोचलं नाही. आठाच्या सुमारास तिच्यावरून हात फिरवला तर मान, पाठ, उशी, सगळं भिजलेलं. अंग गार. मी घाबरून तिच्या छातीला कान लावला. टाक्यांच्या उभ्या रेघेवर माझा गाल टेकला होता. आत ठोके चालले होते, संथ, एकसारखे. मला हायसं वाटलं. ताप उतरला, म्हणून घाम आला. हृदय ठीक आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. मी गोधडी बदलली, तिला पुन्हा पांघरूण घातलं आणि चूल पेटवायला गेले.

तो अर्धा तास माझ्या आयुष्यातून काढून टाकता आला तर मी बाकी काहीही द्यायला तयार आहे. ज्या औषधानं ठोके आवरले होते, त्याच औषधानं ते शांत ठेवले होते. साखर तळाला गेली की एरवी छाती धडधडते, हात थरथरतात, लेकरू ओरडून आईला उठवतं. माझ्या लेकीच्या शरीराला ती ओरडच करता आली नाही. फक्त घाम सुटला. हे मला नंतर समजावून सांगण्यात आलं.

मी चुलीपाशी असताना आतून दात वाजल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहिलं तर तिचा उजवा हात झटके देत होता, जबडा आवळलेला, डोळे वर फिरलेले.

मी अंगणात धावले. भासरे विहिरीवर होते. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. त्यांनी हातातला पाइप टाकला आणि आपली मालाची छोटी गाडी दारात आणली. मी लेकीला मांडीवर घेऊन बसले. अकोल्यापेक्षा बाळापूर जवळ, म्हणून गाडी बाळापूरकडे घातली. भासरे वाटेत एकदाच बोलले. “श्वास चालू हाय ना?” मी म्हटलं, “हाय.” रस्त्यावर ऊन स्वच्छ पडलं होतं. शाळेत जाणारी पोरं सायकली बाजूला घेत होती. बाळापूरचा किल्ला दिसू लागला तेव्हा तिचे झटके थांबले. ती माझ्या हातांत कापडासारखी सैल पडली. थांबणं बरं की वाईट, तेही मला कळेना.

दवाखान्यात डॉक्टर वयस्कर होते. मी एका दमात सांगितलं, “हृदयाचं ऑपरेशन झालंय, महिना झाला. हार्ट बंद पडतंय तिचं, पाहा.” त्यांनी छाती ऐकली, पापणी उघडून पाहिली आणि सिस्टरला म्हणाले, “आधी शुगर बघा.”

मी म्हणाले, “साखर वाढू देत नाही मी, साहेब. रोज पाहते.” या वाक्यात अभिमान होता. तो अभिमान मला आजही ऐकू येतो.

सिस्टरनं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आलाच नाही. तिनं पुन्हा टोचलं. पुन्हा आकडा नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं. “सर, मशीनला वाचताच येईना एवढी कमी आहे,” ती म्हणाली.

“मशीन बिघडलं असेल,” मी म्हणाले. “तिची वाढते. तिची वाढते ना.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शीर सापडेना. लेकीचे हात बारीक झाले होते, त्यातून थंड पडलेले. मनगटावर नाही, कोपरात नाही. शेवटी पावलावर एक शीर मिळाली. मी तिच्या पावलाकडे बघत होते, अंगठ्याकडे, आणि डॉक्टर सुईतून साखरेचं पाणी हळूहळू आत ढकलत होते. साखर. माझ्या डोळ्यांदेखत.

काही मिनिटांनी तिनं डोळे हलवले. मग रडली, पण आवाज घोगरा, अनोळखी. डॉक्टरांनी तेव्हा कुठे मला विचारलं, “कधीपासून उपाशी आहे?”

“उपाशी नाही, साहेब.”

“मग काय खाते?”

मी सांगू लागले. अर्धी भाकर. पालेभाजी. काकडी. सांगता सांगता ते ताट मला पहिल्यांदा दिसलं.

तिथून तिला अकोल्याला हलवलं. नवरा बाजारातून थेट तिथे आला. सदऱ्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी अमरावतीला फोन लावला आणि मग डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर मागितलं. नवरा शेजारीच उभा होता. मी सगळं सांगितलं. मशीन, पट्ट्या, ताट, ओकारी, गोळी. मग त्या म्हणाल्या, “चूक माझीही आहे. मधुमेह नाही एवढं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही कशाला घाबरलात ते विचारलं नाही.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवऱ्यानं पट्ट्यांचं ऐकलं आणि तो बाकावर बसला. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी दुपारी लेक झोपली असताना खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तू मले सांगतलं असतं, भेव वाटते म्हनून, तं मी समजलो असतो.” आणि पुढे, “मीबी तिच्या ताटाकडे पाह्यलं नाई. घरात असून.”

दर्यापूरहून जाऊबाई थेट दवाखान्यात आल्या. लेकीच्या पायथ्याशी बसल्या आणि मला वाटलं, आता त्या मला सोडणार नाहीत. मी तयारच होते. पण त्या खाली मान घालून बोलल्या. “मी रोज दुपारी तिले गूळपोळी चारत होती. कधी दूधभात. तुले सांगतलं नाई. जाताना मनात आलं होतं सांगावं. पन तुह्या त्या बोलन्याचा राग होता मनात.” आणि त्या रडू लागल्या. “सांगून गेली असती, तं तू निदान भांडली असती. भांडनातून काही निंगालं असतं.”

म्हणजे त्या आठ-दहा दिवसांतले ते चांगले आकडे माझ्या ताटाचे नव्हते. जाऊबाईंच्या दूधभाताचे होते. त्या गेल्या आणि आकडे उतरू लागले, आणि मी अगरबत्ती लावली.

पहिल्या दिवशी लेकीचा उजवा हात उशिरानं हलत होता. दुसऱ्या दिवशी हलू लागला. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. “बहुतेक काही राहणार नाही,” अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. पुन्हा एक शब्द मी घरी आणला. बहुतेक.

ठोक्यांचं औषध तीन महिन्यांनी बंद झालं. पुढच्या तपासण्यांत हृदय उत्तम निघालं. दरवर्षी अमरावतीला जातो तेव्हा डॉक्टरीणबाई तिला आधी वजनकाट्यावर उभी करतात, मग हसतात. लेक आता सात वर्षांची आहे. वावरातून पळते तेव्हा मधे बसत नाही. शाळेत कविता पाठ म्हणते. कधी कधी म्हणता म्हणता मधेच थांबते. दोन-तीन क्षण. नजर एका जागी. मग जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू करते. बाई म्हणतात, लक्ष नसतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. “सगळीच मुलं थांबतात,” ते म्हणाले. खरंही असेल. मी मात्र ते क्षण मोजते.

मशीन मी टाकून दिलं नाही, वापरतही नाही. घरात गूळ आहे, केळी आहेत, तिच्या हाताला येतील अशा जागी ठेवलेली. पण ती आपण होऊन घेत नाही. परवा जाऊबाईंच्या नातीचा वाढदिवस होता. सगळी पोरं ताटांवर तुटून पडली होती. माझ्या लेकीच्या पुढ्यातही ताट होतं, भरलेलं. तिनं हात लावला नव्हता. मी दारात उभी होते. तिनं मान वर करून मला शोधलं आणि एवढ्या गलक्यात, अगदी हळू, नुसते ओठ हलवत विचारलं, “खाऊ?”

मी मान हलवली. ती खाऊ लागली. तिच्याशेजारी बसलेल्या जाऊबाईंनी ते पाहिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी आत जाऊन पाण्याचे गिलास भरत बसले.